माझं दुखणं, प्रमिलाच्या नावावर

जी गोष्ट लिहायला बसलो आहे ती गावात दोनच माणसांना ठाऊक होती. त्यांतलं एक चौदा महिन्यांपूर्वी गेलं. उरलो मी, आणि मी बोलणाऱ्यांपैकी नाही. बोलता आलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती, हेही खरं.

तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. मोहाडीत मी सव्वीस वर्षं वाचनालय सांभाळलं, यंदाच निवृत्त झालो. शिकवलं कुणालाच नाही, तरी गाव मला 'सर' म्हणतं. हळू बोलणारा, पुस्तकात डोकं घातलेला, सभ्य माणूस अशी माझी ख्याती. त्यातलं हळू बोलणं खरं आहे.

विषय लघवीचा आहे.

हं. लिहिलं एकदाचं. एवढं एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी 'मूत्रमार्गाचा दाह' असं लिहिलं. वाचून पाहिलं तर एखाद्या सरकारी पत्रकासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी 'तो त्रास' असं लिहिलं. तिसऱ्या दिवशी नुसती रेघ ओढून सोडून दिली. चौथ्या दिवशी प्रमिला आठवली. प्रमिला म्हणजे माझी बायको, ती जी गेली. ती असती तर म्हणाली असती, "अजी, लघवी म्हना ना सरळ. सगळ्यायलेच येते."

तिला ती लाज नव्हती. ती अंगणवाडी सेविका होती. दिवसाकाठी दोन पोरं तरी तिच्या मांडीवर मुतायची. मला मात्र—कुठून आली असेल ही लाज? आता शोधून काय उपयोग? वाचनालयाच्या मागे एक मुतारी होती. तिला कुलूप असायचं आणि कुलपाची किल्ली समोरच्या चहावाल्याकडे. किल्ली मागायची म्हणजे तिथं बसलेल्या आठ-दहा जणांना आपण कुठं चाललो ते जाहीर करायचं. मग मी काय करत असे? पाणीच पीत नसे. सकाळी घरून निघताना एक पेला, त्यानंतर थेट संध्याकाळी. भंडारा जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात! सव्वीस वर्षांतली पहिली पंधरा मी अशी कोरडी काढली. दुखणं बहुधा तिथूनच सुरू झालं असं एका डॉक्टरांनी मला पुढे सांगितलं. हे मी कारण म्हणून देत नाही. नुसतं सांगतो.

तर, अकरा वर्षांपूर्वीचा मार्च महिना. पळस फुलले होते. मला लघवीला जळजळ सुरू झाली. दर पंधरा मिनिटांनी वाटायचं जायला हवं, गेलो की चार थेंब—आणि ते चार थेंब म्हणजे लाल मिरचीचं पाणी. किल्ली मागून मागून चहावाल्याची सुट्टे पैसे देण्याची पद्धत मला पाठ झाली. चार दिवस काढले. पाचव्या दिवशी बसस्टँडकडच्या दवाखान्यात गेलो, तेही मुद्दाम दुपारी बाराला, म्हणजे कुणी नसेल.

बाकावर सात बाया होत्या, तीन म्हातारे होते, आणि आमच्या समोरच्या घरातल्या कौसल्याबाई होत्या. कौसल्याबाई तलावातली मासोळी आठवडी बाजारात विकतात. त्या दिवशी मासोळीचा काटा बोटात घुसला म्हणून आल्या होत्या. बोट टम्म सुजलेलं. कान शाबूत.

दारापाशी बाळू कंपाउंडर वही घेऊन बसायचा. त्याला एक खोड होती—जे लिहायचा ते मोठ्याने म्हणत लिहायचा. "काय होऊन रायलं जी सर?" त्याने विचारलं.

ताप म्हणालो असतो. खोकला म्हणालो असतो. आत गेल्यावर डॉक्टरांना खरं सांगता आलं असतं. पण खोटं बोलायलाही सराव लागतो आणि तो मला नव्हता. अर्धं खरंच तोंडातून निसटलं. "लघवीला जळजळ," मी म्हणालो. बाकावरचे अकरा चेहरे माझ्याकडे वळले. कौसल्याबाईंचा सगळ्यांत आधी. मग उरलेलं अर्धं आलं—"मला नाही. घरी. मंडळींना."

"मि-से-स," बाळू लिहू लागला, "लघवीले... जळ-जळ." एस.टी. फलाटाला लागल्यावर ओरडतात ना, तसा आवाज.

आतले डॉक्टर शहाणे निघाले. पेशंट बघितल्याशिवाय गोळी देणार नाही म्हणाले. आधी लघवी तपासायला आणा, मग त्यांना घेऊन या. बाळूने एक छोटी बाटली दिली आणि तिच्यावर माझ्यासमोरच चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर प्रमिलाचं नाव.

मी घरी गेलो का? नाही. वाचनालयात जाऊन बसलो. घरी जाऊन काय सांगायचं ते ठरवत संध्याकाळ केली. कौसल्याबाईंना ठरवायचं काहीच नव्हतं; त्या बोटाला पट्टी बांधून सरळ आमच्या घरी गेल्या.

मी पोचलो तेव्हा ओट्यावर अर्धा कोहळा, शेताच्या धुऱ्यावरून उपटून आणलेलं काटेरी गोखरू आणि पाव किलो जव अशी मांडामांड होती. कौसल्याबाई प्रमिलाला रागे भरत होत्या. "अव ताई, इतकं जळते तं बोलत काहून नाई माय? सर बिचारे उभे रायले दवाखान्यात मान खाली घालून. बायकोसाठी कोन जाते असं? असा नवरा भेटाले नशीब लागते!"

मी चपला काढत होतो. चपला काढायला इतका वेळ आजवर कुणाला लागला नसेल.

प्रमिलाने माझ्याकडे पाहिलं. चार दिवस ती माझ्या मोरीकडच्या फेऱ्या बघत होतीच. एका नजरेत तिला सगळं कळलं. एका वाक्यात तिला मला उघडं पाडता आलं असतं, समोरच श्रोता होता, तोही असा की तासाभरात मोहाडीभर झालं असतं. ती म्हणाली, "काय सांगू बाई. लाज वाटते ना." आणि हे म्हणताना ती माझ्याकडेच बघत होती.

कौसल्याबाई गेल्यावर ती पायरीवर बसली, तोंडात पदर कोंबून हसत राहिली. "बावीस वर्स झाले लग्नाले," ती म्हणाली. "एक गुंठा जमीन माझ्या नावावर नाई केली. अन् लघवी केली?"

मी म्हणालो, उद्या सगळ्यांना खरं सांगतो. उद्या. या प्रकरणात हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वापरला.

पुढचे दिवस तुम्हाला कसे सांगू? घरात दोन पातेली चढू लागली. एका पातेल्यात जव उकळायचे. गाळून, चिमूटभर मीठ घालून ते पाणी प्यायचं. दुसऱ्यात गोखरूचा काढा. शिवाय भिजवलेल्या धन्यांचं पाणी खडीसाखर घालून, जिऱ्याचं ताक, काकडी, कोहळ्याची बिनतिखटाची भाजी, आणि मक्याच्या कणसाचे केस—ते कौसल्याबाई कुठून आणत, देव जाणे, त्या दिवसांत गावात मका कुठंच नव्हता. चहा बंद. मिरची बंद. वांगं बंद. आंबट बंद. सकाळ-संध्याकाळ कौसल्याबाई समोर उभ्या राहून प्रमिलाला पाजत. "पूरा पे. बुडाशी ठेवू नोको." त्या गेल्या की पातेल्यातलं उरलेलं मी पीत असे, उभ्या उभ्या, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चोरट्या मांजरासारखा.

आणि झालं काय? धडधाकट बाई, दिवसाला दीड घागर पाणी पोटात जाऊ लागल्यावर तीही उठू लागली. अंगणवाडीत पंधरा-पंधरा मिनिटांनी. एखादी आई बाळाला घ्यायला आली की पोरं एका सुरात सांगायची, "बाई मुताले गेल्या!" गावाला पुरावा मिळाला.

पळसाच्या फुलांचं शेकणंही झालं. फुलं वाफवायची आणि कोमट असताना ओटीपोटावर बांधायची. प्रमिला खाटेवर पडलेली, पोटावर फुलांचं गाठोडं, उशाशी कौसल्याबाई, आणि त्यांच्या तोंडून गावातल्या आणखी चार बायांची हीच कहाणी. आतल्या खोलीत मी पायाला पाय आवळून पुस्तक वाचत होतो. माझ्या वाट्याला मागाहून ती फुलं आली, थंड झालेली. बनियनला केशरी डाग पडला तो गेलाच नाही. प्रमिला ते बनियन कायम लुगड्याच्या आड वाळत घालायची.

तपासणीचा कागद आला. प्रमिलाच्या नावाने, स्त्री, वय बेचाळीस, लघवीत पू. तिला घेऊन दवाखान्यात जाणं भाग होतं. वाटेत मी तिला माझं दुखणं पाठ करून दिलं. ती हुशार होती, दोन वेळांत पाठ झालं. पण डॉक्टरांनी अभ्यासाबाहेरचा प्रश्न विचारला: जळजळ सुरुवातीला होते की शेवटी? प्रमिलाने माझ्याकडे पाहिलं. "शेवटी," मी म्हणालो. पोटात दुखतं की पाठीतही? तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "पोटात. खाली," मी म्हणालो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सर, पेशंट कोण आहे नक्की?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. दाराला पडदा होता. पडद्याच्या खालून मात्र बाकावर बसलेल्यांचे पाय दिसत होते.

"ही," मी म्हणालो.

डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं—जवाचं पाणी प्या, ताक प्या, आराम पडेल. पण जंतू पाण्याने मरत नाहीत, गोळ्या पूर्ण करा. गोळ्या मी खाल्ल्या. तीन दिवसांत इतकं बरं वाटलं की चौथ्या दिवशी मी त्या पुस्तकांच्या कपाटात ठेवून दिल्या. यश गोखरूला गेलं. कौसल्याबाई बाजारात मासोळी तोलता तोलता सांगत—"पर्मिलाताईले पाहा. चार दिवसांत उठवली."

दहा-बारा दिवसांनी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला प्रमिलाच्या चुलतभावाचं लग्न होतं. आम्ही पोचायच्या आधीच बातमी तिथं पोचलेली. दुसऱ्या दिवशी मटणाचं जेवण. प्रमिलाला मटण प्राणाहून प्रिय. रस्सा असा हवा की खाताना नाकाडोळ्यांतून पाणी यावं. तिची आत्या वाढायला आली आणि लांबूनच ओरडली, "तिच्या ताटात तिखट नोका वाढू जी! लघवीची पेशंट हाय ते!" सबंध पंगतीने मान वळवली. प्रमिलाच्या पानात दहीभात आला. तिच्या वाट्याचं माझ्या पानात आलं, "सर, तुमी घ्या, तुमाले का होते!" या आग्रहासकट. मला काय झालं होतं ते मलाच माहीत. मी खाल्लं. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. प्रमिला दहीभात कालवत माझ्या ताटाकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत—मी शपथेवर सांगतो—हसू मावत नव्हतं.

चौथ्या दिवशी मला हुडहुडी भरून ताप आला. कमरेच्या वर एका बाजूला असं दुखू लागलं की उताणं पडता येईना. प्रमिलाने विचारलंसुद्धा नाही. मला भंडाऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि मी अर्ध्या मिनिटात सगळं सांगून टाकलं. अनोळखी माणसासमोर मी फार शूर असतो. आत्ताही तेच चाललं आहे. ते चिडले. दोष मटणाचा नाही, म्हणाले, अर्धवट टाकलेल्या गोळ्यांचा. पुरुषाने तर हे दुखणं अंगावर काढूच नये, आतून काही अडतंय का ते पाहावं लागतं. चार दिवस सलाईन चढलं. पुढेही अधूनमधून हे दुखणं उठत राहिलं, प्रोस्टेटची गोळी कायमची लागली.

गावात काय सांगितलं? मलेरिया. हे प्रमिलाचं सुचवणं. मलेरिया कसा, इज्जतदार रोग. आम्ही परतलो तर वाचनालयात फवारणी करून गेले होते. जुन्या मासिकांच्या पानांमधून पुढे कितीतरी दिवस पांढरी पूड गळायची.

इथवर तुम्ही हसला असाल तर हसा. प्रमिलाही हसत असे. 'आपली लघवी' म्हणायची ती, 'आपली गाय' म्हणावं तशी. पण ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून आलेलं नाही. मी भोवती भोवती फिरतो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. वाचणाऱ्याच्या येतंच.

त्याच वर्षीचा हिवाळा. आमच्या विहारातल्या महिला मंडळाने अजिंठ्याची सहल काढायचं ठरवलं. लेणी पाहायची, दोन दिवस, एक अख्खी बस बायांची. प्रमिला हे कितीतरी वर्षं मनात धरून होती. अंगणवाडीच्या भिंतीवर, अ-आ-ईच्या तक्त्याशेजारी, तिने एका कॅलेंडरमधून कापलेलं चित्र चिकटवलं होतं—अजिंठ्याचा निजलेला बुद्ध. परिनिर्वाणाची ती मूर्ती केवढी लांब आहे, हे ती पोरांना दाखवायची. सात पोरं जमिनीवर एकामागे एक निजवायची आणि म्हणायची, याच्यापेक्षाही लांब. त्या मूर्तीच्या पायाशी एकदा उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं.

बैठक आमच्याच ओट्यावर झाली. चहा प्रमिलाने केला. मंडळाच्या अध्यक्ष मायाताई नावं लिहीत होत्या. प्रमिलाच्या नावापाशी त्यांचा हात थांबला. "ताई, तुमचं नाव लिहू का नाई, तेच विचार करून रायलो आमी."

"काहून? मी बरी हावो आता," प्रमिला म्हणाली.

कौसल्याबाई मंडळातल्या नव्हत्या. त्या पलीकडच्या कट्ट्यावर नुसत्याच बसल्या होत्या. पण हा रोग त्यांच्या हातचा, त्यांना राहवलं नाही. "बरी हाय म्हंते! सकारीच तं पाहिलं जवाचं पानी पेताना. नोको नेऊ माय तिले. घडीघडी गाडी थांबवा लागंल, अन् बायकांले रस्त्यानं जागा तरी कुठं भेटते? हाल होतील गरिबाचे." हे त्या वाईटपणाने बोलल्या नाहीत. ओट्यावर एकही बाई वाईटपणाने बोलली नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर माया होती. प्रमिला जितकं 'बरी हाय' म्हणेल तितकं ते खोटं वाटणार होतं—लपवतात ना बाया, सगळ्याच लपवतात!

मी दाराच्या आत खुर्चीवर होतो. हातात वर्तमानपत्र. ओटा चार पावलांवर.

प्रमिला वळली. "अजी," ती म्हणाली, "तुमी सांगा ना."

एवढंच. तिने माझं नाव घेतलं नाही, खरं काय ते स्वतः सांगून टाकलं नाही. सांगायची जागा मोकळी करून दिली फक्त. सगळ्या बाया माझ्याकडे बघू लागल्या. एक वाक्य पुरलं असतं. दुखणं माझं आहे. चार शब्दही नाहीत, तीन. मी वर्तमानपत्र खाली घेतलं. घसा खाकरला. मनाशी ते वाक्य जुळवलं, खरंच जुळवलं होतं—आणि कौसल्याबाईंचं तोंड दिसलं, उत्सुक, अर्धं उघडं.

"प्रवास लांबचा आहे," मी म्हणालो. "तब्येत महत्त्वाची."

हे मी म्हणालो. गप्प बसलो असतो तर भित्रेपणा म्हणता आला असता. मी गप्प बसलो नाही. बोललो, आणि हे बोललो.

"बगा," मायाताई म्हणाल्या, "सरच म्हणून रायले." आणि पुढचं नाव लिहिलं. प्रमिला चहाचे कप गोळा करू लागली.

बस गेली त्या दिवशी मी काय केलं असेल? वाचनालयातून अजिंठ्यावरचं मोठं रंगीत पुस्तक घरी आणलं. ते घरी द्यायचं नाही असा नियम होता, मीच केलेला. मला वाटलं, केवढा धीर दाखवला मी. प्रमिलाने सगळी पानं उलटली, एकेक करून. निजलेल्या बुद्धाचं चित्र दोन पानांवर पसरलेलं होतं, मध्ये शिवण. त्यावर तिने तळहात ठेवला. "लय मोठा हाय म्हंतात," ती म्हणाली. "पानात मावला तरी." मग पुस्तक मिटलं. "उद्या वापस नेऊन द्या. दुसरं कोनी वाचंल."

ती भांडली नाही. पण त्यानंतर 'आपली लघवी' हा शब्द तिच्या तोंडी पुन्हा आला नाही. जवाचं पाणी मात्र रोज सकाळी माझ्या खुर्चीशी झाकून ठेवलेलं असायचं, अखेरपर्यंत. मी म्हणायचो, पुढच्या दिवाळीत आपण दोघंच जाऊ अजिंठ्याला. ती म्हणायची, जाऊ. नऊ दिवाळ्या झाल्या. का गेलो नाही? मला माहीत नाही. खरं तर माहीत आहे. गेलो असतो तर गावाने विचारलं असतं—आता कशी झेपली बाईला बस?

ती हृदयाच्या दुखण्याने गेली. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी जुने आजार विचारले. मुलगी नागपूरहून धावत आली होती, तिने घाईघाईने सांगितलं, "आईला लघवीचा जुना त्रास आहे." तेही कागदावर लिहून घेतलं गेलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. प्रमिलाच्या नाकात नळी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. ती हसली असं मला वाटलं. पण मला तसं वाटावं असं मला वाटत होतं, म्हणून या वाक्यावर विसंबू नका.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक आदरांजली वाहायला उठले. मायाताई बोलल्या. ताईंनी दहा वर्षं हा आजार सोसला, पण लाज धरली नाही. त्यांच्याकडे पाहून आम्ही बाया आपलं दुखणं बोलायला लागलो, त्यांनी आम्हाला हाताला धरून दवाखान्यात नेलं. हे अक्षरशः खरं आहे. बाया खरोखर येत असत तिच्याकडे, कुजबुजत, आणि ती आधी जवाचं पाणी देई आणि मग सांगे, पाण्यावर राहू नका, डॉक्टरकडे चला, गोळ्या पूर्ण करा. हे सगळं तिचं आहे. माझ्या खोटेपणातून निघालं म्हणून त्यातलं रतीभरही मी माझ्याकडे ओढणार नाही.

मग माईक माझ्या हातात दिला. "सर, दोन शब्द." समोर तिचा फोटो, मेणबत्त्या, शंभरेक माणसं. मी म्हणालो, "ती फार सहनशील होती." पुढे बोलता आलं नाही. लोकांना वाटलं, गळा दाटला.

या मे महिन्यात महिला मंडळाने बाजाराच्या दिवशी तिच्या स्मरणार्थ जवाचं पाणी वाटायचं ठरवलं. कल्पना कौसल्याबाईंची. फ्लेक्सचा मजकूर तपासायला माझ्याकडेच आला, गावात वाचणारा माणूस मीच. वर लिहिलं होतं, 'कालकथित प्रमिलाताई यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ'. मध्ये हिरव्या लुगड्यातला तिचा फोटो, मुलीच्या लग्नातला. खाली—'लघवीची जळजळ लपवू नका. डॉक्टरांना दाखवा.' मी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. एक वेलांटी बदलली. बाकी काही बदललं नाही.

बाजारच्या दिवशी ऊन असं होतं की भाजीवाल्यांनी पालकावर ओली पोती टाकली होती. मांडवाखाली रांजण, रांजणापाशी ओगराळं घेऊन कौसल्याबाई. मीही रांगेत उभा राहिलो, कारण आदल्या दिवसापासून मला पुन्हा जळजळ सुरू झाली होती. माझी पाळी आली. कौसल्याबाईंनी पेला अर्धा भरला आणि हात आखडता घेऊन गमतीने मोठ्याने विचारलं, "तुमी कायले पेऊन रायले जी सर? तुमाले बी तोच तरास हाय का?" रांग हसली. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या डोक्यावर ती होती, सहा फूट बाय चार, हिरव्या लुगड्यात.

"नाही," मी म्हणालो. "तिची आठवण म्हणून."

कौसल्याबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदराने ते टिपले आणि रांगेकडे वळून म्हणाल्या, "पाहा व बायाहो. असा नवरा भेटाले नशीब लागते." मग माझा पेला काठोकाठ भरला. "पूरा प्या सर. बुडाशी ठेवू नोका."

मी पूर्ण प्यायलो.